जुन्या गाडीचं जळलेलं, तुटलेलं वायरिंग: कटर हातात घेण्याआधी आणि नंतर

जुन्या गाडीच्या वायरिंगची दुरुस्ती बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत. हेडलाइट मिणमिणतोय किंवा डॅशबोर्डखालून जळका वास येतोय म्हणून आपण खाली वाकतो. काळी पडलेली एक वायर दिसते. ती कापतो, हाताशी असलेल्या वायरचा तुकडा पिळून जोडतो, वर टेप गुंडाळतो. दिवा लागतो, आपण खूश. महिन्याभराने तीच वायर हातभर अंतरावर पुन्हा जळते, कारण ती मुळात का जळली हे कुणी पाहिलेलंच नसतं.

क्रम उलटा झाला की असं होतं. आधी गाडीची पद्धत ओळखायची, मग नोंद, मग कारण, आणि कापणं त्यानंतर. तेही एका वेळी एकच वायर. खाली दिलेले टप्पे याच क्रमाने आहेत. कॉम्प्युटर नसलेल्या, ६ किंवा १२ व्होल्टच्या जुन्या गाड्यांसाठी ते आहेत.

## टप्पा १: गाडीची पद्धत ओळखा

कागदावर तीन गोष्टी लिहा: व्होल्टेज किती, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे, आणि वायरचे रंग कोणत्या पद्धतीचे आहेत.

व्होल्टेज. १९५०च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. फोक्सवॅगन बीटल तर १९६०च्या दशकातही बरीच वर्षं ६ व्होल्टवरच होती. तेवढ्याच वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरही जाड लागते. मधल्या काळात कुणी गाडी १२ व्होल्टची करून घेतली असेल, तर बॅटरी १२ची आणि वायपरची मोटर ६ची अशी खिचडी सापडते. त्यामुळे बॅटरीवरच्या आकड्यावर थांबू नका. बल्ब, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आणि हॉर्नवरचे आकडेही वाचा.

अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची बाजू (अर्थिंग). ब्रिटिश गाड्यांत १९६०च्या दशकात बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असणं सर्रास होतं. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६७ पर्यंत तशीच होती. अशा गाडीत सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावलं तरी दिवे लागतात, सेल्फही फिरतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. आत बसवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ किंवा नंतर लावलेला अल्टरनेटर मात्र तेवढ्यात जातो.

रंग. ल्यूकस या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, बहुधा फ्यूज नसलेली वायर. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, फ्यूजशिवायची. हिरवी तीच, पण फ्यूजनंतरची. जांभळी म्हणजे फ्यूजमधून कायम चालू, लाल म्हणजे पार्किंग आणि टेल लाइट, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. जर्मन गाड्यांत लाल म्हणजे बॅटरीची थेट वायर, काळी म्हणजे चावीनंतरची, आणि तपकिरी म्हणजे अर्थ. जर्मन गाड्यांच्या स्विच आणि रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आकडेही कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतर, ३१ म्हणजे अर्थ.

सावधान: तपकिरी वायर एका पद्धतीत बॉडीला जाते, दुसऱ्या पद्धतीत थेट बॅटरीला. जर्मन गाडीवर हात बसलेल्या माणसाने ब्रिटिश गाडीची तपकिरी वायर "अर्थच तर आहे" म्हणून बॉडीला टेकवली, तर पुढचा धूर फ्यूज थांबवणार नाही. तिथे फ्यूज नसतोच.

## टप्पा २: बॅटरी सोडवा, मगच सामान काढा

आधी बॉडीला जोडलेलं टोक सोडवा, मग ते पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह. दुसरं टोक आधी सोडवताना पाना बॉडीला लागला, तर सगळा करंट त्या पान्यातून जातो. बॅटरी गाडीबाहेर काढून ठेवणं सगळ्यात उत्तम. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. जवळ कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हवं. पाण्याची बादली इथे कामाची नाही.

सामान थोडकं लागतं, पण ते बरोबर लागतं:

- डिजिटल मल्टिमीटर, आणि २१ वॅटच्या बल्बला दोन वायर लावून केलेला टेस्ट लॅम्प
- टर्मिनलच्या प्रकाराची क्रिम्पिंग पक्कड (टर्मिनल वायरवर दाबून बसवणारी), शक्यतो रॅचेटची. दाब पूर्ण झाल्याशिवाय ही सुटत नाही
- वायर सोलायची पक्कड (ब्लेडने सोलताना दोन-चार तारा हमखास कापल्या जातात)
- आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), वेगवेगळ्या मापांची
- गोंद नसलेली हार्नेस टेप (हार्नेस म्हणजे वायरची एकत्र बांधलेली जुडी), रबरी ग्रोमेट (पत्र्यातल्या भोकात बसणारी कडी), कापडी चिकटपट्टी आणि मार्कर

घरातली वायरिंगची वायर या यादीत नाही, ती गाडीत चालत नाही. तिच्यात तारा कमी आणि जाड असतात. गाडीच्या थरथरीने त्या कनेक्टरच्या तोंडाशी एकेक करून तुटतात.

## टप्पा ३: काहीही सोडवण्याआधी नोंद

फोटो काढा. आधी लांबून, मग जवळून, मग प्रत्येक कनेक्टरचा समोरून. पण फोटोवर विसंबू नका. जुन्या वायरवर धूळ आणि ऑइल बसून पांढरी पिवळी होते, जांभळी तपकिरी दिसते. फोटोत तर सगळंच राखाडी. रंग पाहायचा असेल तर ओल्या फडक्याने दोन इंच वायर पुसा, किंवा कनेक्टरच्या रबरी टोपीखाली दडलेला भाग पाहा. तिथे ऊन पोचलेलं नसतं, मूळ रंग तसाच सापडतो.

प्रत्येक टोकाला कापडी पट्टी गुंडाळून त्यावर काय लिहायचं, हेही महत्त्वाचं. "निळी" असं लिहू नका. "डिपर स्विच, खालची पिन" असं, म्हणजे ती कुठून सुटली ते लिहा. मी एकदा डॅशबोर्डमागच्या अकरा वायर सुटसुटीत काम व्हावं म्हणून एकदम सोडवल्या होत्या आणि पट्ट्यांवर फक्त रंग लिहिले होते. त्यातल्या तीन हिरव्या निघाल्या. पुढचे दोन दिवस त्या तिघींची ओळख परेड चालली होती.

गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर त्याची मोठी प्रत काढा आणि तुमच्या गाडीत जे वेगळं आहे ते त्यावर लाल पेनने लिहा. पन्नास वर्षांत कुणीतरी फॉग लॅम्प, जादा हॉर्न, रेडिओ जोडून काढलेला असतोच. अशी अर्धवट लोंबणारी वायर दिसली की तिचा उगम शोधून तिथूनच ती काढून टाका. टोकाला टेप लावून मागे सारून ठेवू नका.

तपासा: आत्ता डोळे मिटून एक कनेक्टर ओढला, तर तो परत कुठे लावायचा हे कागदावर सापडेल का? नसेल तर टप्पा ३ अजून संपलेला नाही.

## टप्पा ४: खराबी शोधा, आणि तिचं कारणही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वायर खराब होण्याच्या जागा ठरलेल्या असतात.

बॉनेटमधून केबिनमध्ये वायर शिरते त्या भोकातला रबरी ग्रोमेट कडक होऊन निखळतो आणि पत्र्याची धार वायर कापू लागते. डिकीच्या आणि दाराच्या बिजागरीपाशी वायर रोज वाकते. तिथे वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: वायर दोन्ही हातांत धरून हळूच ताणा. जिथे ती रबरासारखी लांबते, तिथे आत तांबं नाही. एक्झॉस्टजवळ इन्सुलेशन भाजून ठिसूळ होतं, वाकवलं की कुरकुरतं. फार जुन्या गाड्यांत रबरावर सुती वेणी असलेली वायर असते. ती वेणी बाहेरून छान दिसते, आतलं रबर मात्र बिस्किटासारखं फुटतं. अशा हार्नेसला उगाच वाकवून पाहू नका, वाकवल्यानेच शॉर्ट तयार होतो.

आता मीटर. इथे बहुतेकांची गल्लत होते. बल्ब काढून सॉकेटमध्ये मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असतील तरी उरलेल्या एका तारेतून मीटरला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, आणि कंटिन्यूटीचा (वायर सलग असल्याचा) बीपही वाजतो. हेडलाइट लावला की तीच तार पाच अँपिअर न्यायला जाते आणि व्होल्टेज कोसळतं. म्हणून त्या जागी २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. लॅम्प मंद लागला तर वायर किंवा जोड खराब आहे, मीटर काहीही म्हणो. या चाचणीपुरती बॅटरी जोडावी लागते. मूळ खराबी शॉर्टची असेल तर ती आत्ता करू नका, टप्पा ९ मधल्या पद्धतीनेच बॅटरी जोडा.

वायरला सुई टोचून करंट पाहायची सवय असेल तर सोडा. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात तांबं आतून हिरवं, मग काळं पडतं.

जळण्याची खूण वाचता येते. वायर सगळ्या लांबीभर सारखी वितळली असेल तर तिच्यातून क्षमतेबाहेर करंट गेला: पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा कुणी १०० वॅटचे बल्ब लावलेत. फक्त कनेक्टरजवळचे दोन इंच काळे असतील तर दोष त्या जोडाचा आहे. सैल किंवा गंजलेला जोड तापतो आणि वायर भाजतो. मधेच एका जागी तांबं उघडं पडून भोवती काजळी असेल, तर तिथे वायर पत्र्याला घासत होती. या तीन जळण्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि तिन्हींत नुसती वायर बदलून भागत नाही.

सावधान: पेट्रोल टाकीवरच्या गेजच्या वायरवर टेस्ट लॅम्प किंवा ठिणगी पडेल असं काहीही लावू नका. तिथे फक्त मीटर, तोही वायरचं दुसरं, डॅशबोर्डकडचं टोक पकडून.

## टप्पा ५: तुकडा, पूर्ण वायर की पूर्ण हार्नेस?

माझा हिशेब असा. एका जागी घासलेली किंवा कनेक्टरपाशी भाजलेली वायर असेल तर तेवढा तुकडा बदला. लांबीभर वितळलेली असेल तर टोकापासून टोकापर्यंत नवी वायर घाला, आणि तिच्या शेजारच्या वायरही उघडून बघा, कारण वितळलेलं प्लॅस्टिक शेजारणीला चिकटून तिचंही इन्सुलेशन नेतं. एकाच हार्नेसमध्ये चार-पाच जागी जोड द्यावे लागणार असतील, किंवा इन्सुलेशन सगळीकडे कुरकुरत असेल, तर पूर्ण हार्नेस बदलायचा. रबर-सुती वेणीच्या हार्नेसला जोड देत बसणं मला पटत नाही. जोड पक्का होतो, पण त्यासाठी हार्नेस हलवताना बाजूच्या तीन जागा फुटतात.

कापल्यावर दिसणारं तांबंही निर्णय सांगतं. सोललेलं टोक लखलखीत तांबूस असेल तर पुढे जा. काळं असेल तर आणखी इंचभर मागे कापा, पुन्हा पाहा. काळ्या तांब्यावर ना सोल्डर धरतं, ना क्रिम्प नीट बसतं. तीन-चार इंच मागे जाऊनही काळंच असेल तर ती वायर पूर्ण बदला.

सावधान, रेझिस्टन्स वायर: काही गाड्यांत, विशेषतः १९७०च्या दशकातल्या, चावीपासून कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रेझिस्टन्स असलेली असते. ती बहुधा गुलाबी किंवा पांढरी-गुलाबी असते आणि साधारण दीड ओहम दाखवते. ती बदलून साधी वायर घातली तर कमी व्होल्टवर चालणारी कॉइल तापते आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात. गाडी सुरू होते, छान चालते, आणि नंतर कुठेतरी रस्त्यात बंद पडते. ही वायर कापण्याआधी तिचं रेझिस्टन्स मोजा, आणि नवी तशीच घ्या किंवा योग्य बॅलास्ट रेझिस्टर लावा.

## टप्पा ६: नव्या वायरची जाडी

जुन्या वायरइतकी जाड दिसणारी वायर घेणं पुरेसं नाही. पूर्वीचं इन्सुलेशन जाड असायचं. आतल्या तारा मोजा. गाडीच्या वायरवर १४/०.३० असं लिहिलेलं असेल तर त्यात ०.३० मिमी व्यासाच्या १४ तारा आहेत, म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ १ चौरस मिमी. ती साधारण पावणेनऊ अँपिअरपर्यंतची धरतात. २८/०.३० म्हणजे २ चौरस मिमी, साडेसतरा अँपिअर. ४४/०.३० म्हणजे ३ चौरस मिमी, सुमारे २५ अँपिअर.

पण ही क्षमता म्हणजे वायर तापून खराब होणार नाही, एवढंच. दिवा उजळ लागेल का, हा हिशेब वेगळा. उदाहरण घ्या. ५५ वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर ९ अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट ओढतात. एक चौरस मिमी तांब्याच्या एक मीटर वायरचं रेझिस्टन्स ०.०१७५ ओहम. चार मीटर वायरमध्ये ०.०७ ओहम, म्हणजे ०.६४ व्होल्ट वायरमध्येच गेले. स्विच आणि कनेक्टर आपला वाटा वेगळा घेतात. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर साध्या बल्बचा उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. तीच वायर २ चौरस मिमीची घेतली तर वायरमधलं नुकसान निम्मं. म्हणून हेडलाइट आणि डिकीपर्यंत जाणाऱ्या लांब वायरसाठी एक माप वर जा. रंग मात्र मूळचाच ठेवा. सगळीकडे लाल वायर वापरलेली गाडी पुढच्या दुरुस्तीला शिक्षा असते.

फ्यूजवरचा आकडाही समजून घ्या. ल्यूकसच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो फ्यूज उडण्याचा आकडा आहे. सतत वाहण्याची क्षमता त्याच्या निम्मी, १७ अँपिअर. त्या जागी आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज बसवला, तर संरक्षण निम्म्याने कमी झालं, आणि फ्यूजआधी वायर जळेल. तिथे १५ किंवा फार तर २० अँपिअरचा चालतो, तोही वायर ते सोसणारी असेल तर.

## टप्पा ७: कापणं आणि जोडणं

एका वेळी एक वायर. जुनी कापली की नवी जोडेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही.

१. हीट श्रिंक आधी वायरवर सरकवून लांब नेऊन ठेवा. जोड उत्तम झाल्यावर ही स्लीव्ह टेबलावरच दिसते, असं प्रत्येकाचं किमान एकदा होतं.

२. टोकाचं इन्सुलेशन क्रिम्पच्या तोंडाएवढंच, साधारण ६ ते ७ मिमी सोला. एकही तार तुटता कामा नये. तुटली तर टोक कापून पुन्हा सोला.

३. टर्मिनल वायरच्या मापाचं घ्या. इन्सुलेशनवाल्या टर्मिनलमध्ये लाल ०.५ ते १.५, निळं १.५ ते २.५ आणि पिवळं ४ ते ६ चौरस मिमीसाठी. सैल बसतंय म्हणून वायर दुमडून आत घालणं ही पळवाट आहे, ती काही महिने टिकते.

४. उघड्या टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्यावर, मागची इन्सुलेशनवर दाबायची. मागची जोडी सोडून दिली तर सगळी थरथर तांब्यावर येते.

५. ओढून पाहा. चांगला जोर लावा. सुटायचंच असेल तर आत्ता सुटलेलं बरं.

६. स्लीव्ह जोडावर आणून गरम हवेने आवळा. दोन्ही कडांतून गोंदाचा बारीक कडा बाहेर आला की पाणी आत जायची वाट बंद झाली. लायटरने केलं तर एक बाजू करपते आणि दुसरी सैल राहते.

सोल्डर की क्रिम्प, यावर भांडणं होतात. वायरच्या मधल्या जोडाला मी क्रिम्प करतो. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे मऊ वायर एकदम कडक होते. थरथरीने वायर नेमकी त्या रेषेवर तुटते. ब्रिटिश गाड्यांतल्या मूळच्या पितळी बुलेट (गोळीच्या आकाराच्या) टोकांना मात्र सोल्डर शोभतं, पण त्यामागे वायरला आधार हवा. सोल्डर केलंच तर रोझिन गाभ्याचं वापरा. नळकामाचं आम्लयुक्त फ्लक्स तांबं आतून खातं.

आणि वायर न कापता वर चिमटा दाबून फाटा काढायचे ते प्लॅस्टिकचे जोड? जुन्या गाडीत दिसले की काढून टाका. त्यांचं पातं तारा कापतं आणि ओल आत घेतं.

अनेक वायर एकत्र जोडायच्या असतील तर सगळे जोड एकाच रेषेत आणू नका. एकेक जोड इंच-दीड इंच पुढे-मागे ठेवा. नाहीतर हार्नेसमध्ये साप उंदीर गिळल्यासारखा फुगवटा तयार होतो, आणि एका जोडाची स्लीव्ह घासली की शेजारचाही उघडा पडतो.

## टप्पा ८: अर्थ आणि हार्नेसची बांधणी

नुकत्याच रंगवलेल्या गाडीत दिवे मंद लागत असतील तर नव्या वायरिंगवर संशय घेण्याआधी अर्थचे बोल्ट पाहा. सुंदर नवा पेंट आणि पावडर कोटिंग करंट अडवतात. बोल्टखालची टिकलीएवढी जागा पॉलिश पेपरने पत्रा दिसेपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची कडी) घट्ट आवळा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावायची नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी पट्टी हवीच. ती तुटलेली असली तरी सेल्फ कधीकधी फिरतो. मग तो सगळा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली तर हे कारण नक्की समजा.

एक ओळखीची खूण: इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेल लाइट लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद लागतो. हा टेल लॅम्पचा अर्थ गेलेला असतो. करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बमधून जातो. वायरिंग उलटसुलट झालंय असं समजून हार्नेस उघडू नका.

हार्नेस बांधताना गोंद नसलेली टेप अर्धी-अर्धी चढवत गुंडाळा, टोकाला फक्त गाठ किंवा गोंदाची पट्टी. साधी इलेक्ट्रिकल टेप उन्हाळ्यात पाघळते आणि पुढच्या वेळी हाताला चिकट काळं लागतं. पत्र्यातल्या प्रत्येक भोकात नवा ग्रोमेट बसवा, जुना बरा दिसला तरी. बिजागरीपाशी वायरला थोडी ढिलाई ठेवा आणि दार पूर्ण उघडून-मिटून ती कुठे चिमटत नाही हे बघा. एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांपासून लांब.

## टप्पा ९: पहिला करंट बल्बमधून

बॅटरी थेट जोडायची नाही. सगळे स्विच बंद, दारं बंद, चावी काढलेली. आधी बॉडीचं नसलेलं टोक जोडा. मग बॉडीच्या केबल आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये तो २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. आता गाडीत कुठेही शॉर्ट असला तरी १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ शकत नाही. जळायचं काही नाही, फक्त लॅम्प पेटेल.

- लॅम्प विझलेला: ठीक.
- मंद: काहीतरी चालू राहिलंय. डिकीचा किंवा आतला दिवा, किंवा घड्याळ. काही जुनी विजेवरची घड्याळं मधूनमधून स्वतःला चावी देतात, तेव्हा लॅम्प क्षणभर लुकलुकतो. ते साहजिक आहे.
- पूर्ण उजळ: शॉर्ट. फ्यूज एकेक करून काढा. एखादा काढल्यावर लॅम्प विझला तर खराबी त्या फांदीवर. एकाही फ्यूजने विझला नाही तर फ्यूज नसलेल्या वायर बघा: सेल्फ, चावी, डायनॅमोचा कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच), हेडलाइट स्विच.

मग लॅम्प तसाच ठेवून एकेक स्विच चालू करा. पार्किंग लाइट लागले की ते आणि टेस्ट लॅम्प दोन्ही मंद जळतील. चावी फिरवल्यावर पॉइंट बंद असतील तर टेस्ट लॅम्प चांगलाच उजळेल, कॉइल करंट ओढते म्हणून. त्याने घाबरू नका, पण चावी तशी ठेवून जेवायला जाऊ नका. सेल्फ या अवस्थेत मारायचा नाही.

सगळं पटलं की लॅम्प काढून तिथे मीटर अँपिअरवर लावून बंद गाडीचा करंट मोजा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर शोध चालू ठेवा. घड्याळ नसलेल्या, डायनॅमोच्या गाडीत तो जवळजवळ शून्य यायला हवा. मीटर लावलेला असताना सेल्फ किंवा हेडलाइट चालू केलात तर मीटरचा फ्यूज जाईल.

## टप्पा १०: लोडवर मोजा, मगच फिरवा

बॅटरी थेट जोडा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. हेडलाइट लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या जिवंत खांबावर, दुसरं हेडलाइटच्या जिवंत पिनवर ठेवा, दिवा चालू असतानाच. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असतील तर एक टोक तिथेच ठेवून दुसरं टोक स्विच, फ्यूज, कनेक्टर असं मागे मागे आणा. आकडा जिथे एकदम उतरेल, त्याच्या लगेच पुढच्या भागात दोष. अर्थच्या बाजूला हीच मोजणी ०.२ व्होल्टच्या आत यायला हवी.

जुन्या स्विचमध्येच बरेच व्होल्ट जात असतील, तर स्विच उघडून साफ करण्यापेक्षा हेडलाइटला रिले लावा आणि रिलेला बॅटरीकडून फ्यूज असलेली वेगळी वायर द्या. त्या नाजूक स्विचमधून मग फक्त रिलेपुरता करंट जातो. मूळ हार्नेस कापावा लागत नाही, हवं तेव्हा परत पूर्वीसारखं करता येतं.

इंजिन चालू करून चार्जिंग पाहा. १२ व्होल्टच्या अल्टरनेटरवर १३.८ ते १४.४ व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवून "डायनॅमो चार्ज करतोय का" हे पाहायची जुनी युक्ती अल्टरनेटरवर वापरली तर त्याचे डायोड जातात.

आता हेडलाइट लावून पंधरा मिनिटं तशीच ठेवा, आणि हाताच्या मागच्या बाजूने प्रत्येक नवा जोड, फ्यूज होल्डर आणि स्विचची पाठ चाचपा. कोमट चालेल. हात काढावासा वाटला तर तो जोड पुन्हा करा. नंतर थोड्या खडबडीत रस्त्यावर गाडी फिरवा आणि परत येऊन तेच करा. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर एकदा अर्थचे बोल्ट आणि बॅटरीची टोकं आवळा, कारण नवे लग दाबले जाऊन थोडे सैल होतात. डायग्रामच्या त्या मोठ्या प्रतीवर कुठे जोड दिला, किती जाडीची वायर घातली, कोणता फ्यूज कितीचा केला हे लाल पेनने लिहा, आणि तो कागद गाडीतच ठेवा.